मुदत संपलेला खाणपट्टा आणि मानीव मुदतवाढ : गोव्यातील लोहखनिजाचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. त्यापलीकडे गोव्याची हद्द सुरू होते. खनिज दोन्हीकडे एकच. खाणहक्काचा इतिहास मात्र भिन्न. रेडीला १९५७ चा केंद्रीय खाणकायदा आरंभापासून लागू होता. गोव्यात पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या फर्मानाखाली बेमुदत खाणसवलती दिल्या होत्या.

अमेरिकेतील तेल-वायूच्या पट्ट्यांत मूळ मुदतीनंतरही किफायतशीर उत्पादन चालू असेपर्यंत पट्टा जिवंत राहतो. गोव्यात तो जिवंत राहिला प्रलंबित अर्जावर.

१९८७ च्या कायद्याने पोर्तुगीज सवलती २० डिसेंबर १९६१ पासून रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी, तर वीस वर्षांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. खाणी मात्र थांबल्या नाहीत. नूतनीकरणाच्या अर्जावर शासनाने निर्णय न दिल्यास तो होईपर्यंत पट्टा चालू असल्याचे मानावे, अशी तरतूद १९६० च्या नियमांतील २४-अ मध्ये होती. पट्टेदाराने अर्ज करावा, शासनाने मौन पाळावे आणि खनिज बार्जमधून मुरगावकडे जात राहावे, असा हा क्रम. केवळ पट्टेदारांना दोष देणे सोपे आहे. पण निर्णय टाळणे लाभदायक ठरविणारा नियम शासनाचाच होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. दुसऱ्या नूतनीकरणास खनिजविकासाच्या हिताची कारणे नोंदविणारा शासननिर्णय आवश्यक असल्याने तेथे मानीव मुदतवाढ लागू होत नाही, असे न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी ठरविले. २००७ नंतरचे उत्खनन त्यामुळे बेकायदेशीर ठरले. पट्ट्याची कागदपत्रे कधीही न पाहिलेल्या ट्रकमालकांच्या व बार्जवरील कामगारांच्या उपजीविकेवरही त्याचा आघात झाला. या वर्गाचा विचार कायद्याच्या चर्चेत अभावानेच आढळतो.

एवढे होऊनही राज्याने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. त्यांतील बरेचसे १२ जानेवारी २०१५ रोजी लिलावाची सक्ती करणारा केंद्रीय अध्यादेश निघण्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांतले होते. ही घाई बोलकी आहे. न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ती सर्व नूतनीकरणे रद्द केली व १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिले लिलाव झाले. नव्या पट्ट्यांची मुदत पन्नास वर्षांची असून ती संपल्यावर नूतनीकरण नाही, पुन्हा लिलावच आहे.