होळकरांची ड्यूसेनबर्ग गेली, कोल्हापूरची मेबॅक राहिली

काल आपल्या लोणीच्या ग्रुपवर एका जुन्या गाडीचा फोटो फिरत होता. लांबलचक बॉनेट, बाहेर आलेले दिवे आणि खाली मजकूर : 'संस्थानिकांची गाडी विकणे आहे, फक्त शौकिनांनी संपर्क साधावा.' किंमत नाही. लगेच एकाने विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" हसलो मी पण. मग वाटलं, ही गाडी मुळात आली कुणाच्या पैशातून, हे कुणीच विचारलं नाही.

इंदूरच्या होळकरांचं बघा. हे घराणं मूळ आपल्याच जिल्ह्यातलं, नीरेकाठच्या होळ गावचं. म्हणून होळकर. त्यांचे वंशज यशवंतराव दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली. इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, ताकद कंपनी सांगायची ३२० हॉर्सपॉवर. मॉडेल जे आणि एसजे मिळून सुमारे ४८० गाड्याच बनल्या आणि १९३७ मध्ये कारखानाच बंद पडला. महाराजांची दृष्टी मोठी होती, यात वाद नाही. त्यांचा माणिकबाग राजवाडा आजही जगभरातले आर्किटेक्ट अभ्यासतात. पण खजिना भरायचा तो शेतसाऱ्यातून. माळव्यातल्या ज्या शेतकऱ्याने तो भरला, त्याला गाडी दिसली असेल ती धुरळ्यातून.

ती ड्यूसेनबर्ग अमेरिकेतच परत गेली. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात निघालं.

बाकीच्यांचंही तेच झालं. १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. ड्रायव्हरचा पगार, पेट्रोल, टायर, सगळं अंगावर आलं आणि गाड्या मिळेल त्या भावाला निघाल्या. १९७२ मध्ये सरकारने जुन्या गाड्या परदेशी न्यायला बंदी घातली, तोवर बऱ्याच गेल्या होत्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ची रोल्स रॉईस 'स्टार ऑफ इंडिया' अशीच गेली. ती २०१० मध्ये त्याच घराण्याने पुन्हा विकत आणली.

आता २०२१पासून केंद्राचे नियम आहेत. ५० वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए', नव्या नोंदणीला २०,००० रुपये. विकता येते, पण रोज फिरवता येत नाही. म्हणजे कोट्यवधी मोजून घेतली तरी भाजीला हडपसरला नेता येणार नाही!

या सगळ्यात मला कोल्हापूरची मेबॅक वेगळी वाटते. ही जर्मन कंपनी आधी झेपेलिन हवाईजहाजांची इंजिनं बनवायची. मोटारी तिने १९२१ ते १९४० या काळात जेमतेम १,८०० केल्या असतील. त्यातली एक छत्रपती राजाराम महाराजांनी घेतली. तीही काही रयतेला विचारून घेतलेली नव्हती. पण ती विकली नाही. आजही दसऱ्याला न्यू पॅलेसमधून निघते आणि दसरा चौकात येते. तिकीट नाही, पास नाही. हातगाडीवाल्यापासून आमदारापर्यंत सगळे तिथंच उभे.

मी एकदा गेलो होतो. पुढच्या म्हातारबाबांनी गाडी दिसताच टोपी काढली. महाराजांना की मेबॅकला, ते कळलं नाही.

कुणाला जायचं असेल तर दुपारीच जागा धरा. उशीर झाला की नुसती डोकी दिसतात.