पणती एकांनी जपली, पोथी दुसऱ्यांनी



डिसेंबर लागला की बाजारात नाताळच्या चांदण्या लटकायला लागतात. नाताळ म्हणजे येशूचा जन्मदिवस, हे आपल्याला ठाऊक आहे. पण येशूच्या काळी त्याच्या लोकांत थंडीच्या दिवसांत कोणता सण असायचा? आमच्या बैठकीत एकीने हे विचारले आणि आम्ही सगळ्याच एकमेकींकडे बघत बसलो. मग वाचायला घेतले, विचारपूस केली. उत्तर तर मिळालेच, शिवाय एका आईची गोष्ट मिळाली. ती आज तुम्हाला सांगतो.

येशू ज्यू घरात जन्मला आणि ज्यू म्हणूनच वाढला. ज्यू लोकांचा हिवाळ्यातला सण म्हणजे हनुक्का. या हिब्रू शब्दाचा अर्थ समर्पण, म्हणजे देऊळ शुद्ध करून पुन्हा देवाला वाहणे. ज्यूंचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ बसावा म्हणून त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. किसलेव महिन्याच्या २५ तारखेला हनुक्का सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. या आठ दिवसांत अमावास्या येते. म्हणजे अगदी काळोख्या रात्रींना हे दिवे लागतात. दिवाळीची आठवण होतेच, पण या दिव्यांमागची हकीकत वेगळी आहे.

ती हकीकत येशूच्या जन्माआधी सुमारे दीडशे वर्षांची. यरुशलेमवर तेव्हा ग्रीक वळणाच्या राजांची सत्ता होती. त्यांची राजधानी अंत्युखिया, आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. इ.स.पू. १७५ मध्ये चौथा अँटिओकस गादीवर आला. इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या देवळात ग्रीक देव झ्यूसची पूजा सुरू झाली. शनिवारचा विसावा पाळायचा नाही, मुलाची सुंता करायची नाही, शास्त्राच्या पोथ्या घरात ठेवायच्या नाहीत, असे हुकूम निघाले. पोथी सापडली तर मरण. ज्या आयांनी बाळांची सुंता केली, त्यांना बाळांसकट मारल्याचे त्या काळच्या ग्रंथांत लिहिले आहे. विचार करा, हुकूम राजाचा, पण त्याची झळ थेट पाळण्यापर्यंत पोचली.

मोदीन नावाच्या गावात मत्तथिया हा म्हातारा याजक होता. त्याने हुकूम मोडला आणि पाच मुलांना घेऊन तो डोंगरात गेला. तो वारल्यावर त्याचा मुलगा यहूदा पुढे झाला. त्याला मक्काबी म्हणत. माणसे थोडी, समोर मोठी फौज. मग गनिमी काव्याने लढायचे. इ.स.पू. १६४ मध्ये त्यांनी देऊळ परत घेतले. वेदी विटाळली होती, पण तिचे दगड फेकून देववेनात. एखादा संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते बाजूला ठेवले आणि न घडवलेल्या दगडांची नवी वेदी बांधली. आठ दिवस उत्सव केला. तोच हनुक्का.

तुम्ही कदाचित तेलाची गोष्ट ऐकली असेल. देवळात शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, तेल एका दिवसापुरते होते, पण ते आठ दिवस जळले. ही गोष्ट जुन्या मक्काबी ग्रंथांत नाही. ती काही शतकांनी तालमूद या ज्यू ग्रंथात आली. तिच्यावरूनच पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे वाढवत आठ दिवे लावतात. त्यांच्याजवळ एक नववा दिवा असतो, बाकीचे पेटवणारा. खायला तेलात तळलेले पदार्थ करतात. तालमूद सांगते की हा दिवा लावणे बायकांचेही कर्तव्य आहे, कारण त्या सुटकेत बायकाही होत्या. आणि दिवे जळत असेपर्यंत बाईने घरकाम करायचे नाही, अशी रीत आहे. हे वाचले तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "हा सण मला आवडला!"

आता त्या आईकडे येऊ.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात तिची गोष्ट आहे. तिचे सात मुलगे. डुकराचे मांस खा, धर्म सोडा, म्हणून राजाने त्यांना एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर छळून मारले. सहा गेले. धाकट्याला राजाने पैशाची, मानाची लालूच दाखवली आणि आईला म्हटले, तूच समजाव याला. ती मुलाकडे वाकली आणि राजाला कळणार नाही अशा आपल्या भाषेत बोलली. नऊ महिने पोटात वाहिले, तीन वर्षे पाजले, याची तिने आठवण दिली. आकाश आणि धरती बघ, देवाने हे सगळे काही नसताना निर्माण केले, तोच तुला मला परत देईल, असे सांगितले. मुलगा वाकला नाही. शेवटी तीही गेली.

मूळ ग्रंथात या आईला नावसुद्धा नाही. पुढे ज्यू तिला हन्ना म्हणू लागले, सुरियानी ख्रिस्ती शमूनी म्हणू लागले.

ख्रिस्ती लोकांचा या सणाशी संबंध इथेच घट्ट होतो. मक्काबींचे ग्रंथ ज्यूंच्या हिब्रू शास्त्रात घेतले गेले नाहीत. ते ग्रीक भाषेत टिकले आणि ग्रीक शास्त्र वाचणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी ते शतकानुशतके उतरवून ठेवले. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलांत ते आजही आहेत. प्रोटेस्टंट बायबलांत ते मुख्य शास्त्राबाहेर ठेवले. म्हणजे बघा, ज्यूंनी पणती जपली आणि ख्रिस्त्यांनी पोथी जपली. मेलेली माणसे पुन्हा उठतील, देवाने शून्यातून जग घडवले, या ख्रिस्ती विश्वासांना त्या आईच्या बोलण्यात जुना आधार मिळाला. १ ऑगस्टला पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या तिची आणि तिच्या मुलांची आठवण करतात. केरळातल्या सुरियानी परंपरेतही ती आहे.

आणि येशू? योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे की समर्पणाचा सण होता, हिवाळा होता आणि येशू देवळात शलमोनाच्या देवडीत फिरत होता. नव्या करारात हनुक्काचा उल्लेख एवढाच. लोकांनी त्याला घेरले आणि विचारले, तू तो अभिषिक्त तारणारा आहेस का, एकदाचे उघड सांग. हा प्रश्न त्याच दिवसांत का? मक्काबींच्या घराण्याने पुढे राज्य केले, आपसात भांडले आणि इ.स.पू. ६३ मध्ये यरुशलेम रोमच्या हाती गेले. सुटकेच्या सणाला लोक परक्यांच्या अमलाखाली उभे होते. त्यांना दुसरा यहूदा हवा असणार. येशूने तलवारीची भाषा केली नाही. देवाने मला समर्पित करून पाठवले आहे, असे तो म्हणाला. देवळाच्या समर्पणाच्या सणाला हा शब्द ख्रिस्ती वाचकांना म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

काहीजण म्हणतात, हनुक्का पंचवीस तारखेला, नाताळही पंचवीसला, म्हणजे एकातून दुसरा निघाला. तसा पुरावा नाही. खरे नाते वेगळे आहे. त्या वेळी ज्यू धर्म पुसला गेला असता, तर येशू ज्या घरात, ज्या प्रार्थना ऐकत वाढला, ते घरच राहिले नसते.

पण मैत्रिणींनो, कडू भागही सांगायला हवा. चौथ्या शतकात अंत्युखियातच त्या आईच्या आणि मुलांच्या समाधीवर ख्रिस्ती लोक जमत. योहान ख्रिसोस्तम नावाचा मोठा उपदेशक, त्याला सुवर्णमुखी म्हणत, त्याने तिचे गुणगान केले. त्याच माणसाने त्याच शहरात इ.स. ३८६ ते ३८७ मध्ये ज्यूंविरुद्ध अतिशय विखारी प्रवचने दिली. आई आपली, तिची लेकरे मात्र परकी! असल्या शिकवणीचे परिणाम युरोपातल्या ज्यूंनी शतकानुशतके भोगले. येशूच्या मरणाचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही, असे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सांगितले ते १९६५ मध्ये.

आपल्या कोकणात या दोन धर्मांची गाठ वेगळ्या तऱ्हेने पडली. रायगडच्या गावांत बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवायचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागची इस्रायल आळी आजही त्यांच्या नावाने आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलले. समाजात सांगतात की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि ते आले तेव्हा हनुक्का सुरूच झाला नव्हता, म्हणून पूर्वी तो त्यांच्याकडे नव्हता. तेल गाळणाऱ्यांकडेच तेलाचा सण नाही! पुढे कोचीच्या ज्यूंच्या सहवासात त्यांना अशा रीती कळल्या. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची मुले हिब्रू शिकली, मराठीतून शास्त्र वाचू लागली. शिक्षण घेतले, पण बहुतेकांनी आपला धर्म सोडला नाही.

शेवटी हनुक्काचा एक नियम सांगतो. दिवा दारात ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. पण तालमूदने एक सवलत दिली आहे: धोक्याचे दिवस असतील तर दिवा आत, टेबलावर ठेवला तरी चालेल. युरोपात कितीतरी पिढ्या तो दिवा आतच राहिला.

आमच्या बैठकीत ही गोष्ट इथेच थांबली आणि मग आम्ही आपापल्या गावाबद्दल बोललो. आपल्या गावात वेगळा सण पाळणारे घर कोणते? त्यांचा दिवा दारात असतो की आत? तुमच्या गटातही हे एकमेकींना विचारा. आणि आत असेल, तर तो दारात यावा म्हणून शेजारणींनी काय करायचे, तेही ठरवा.