जुन्या देवांचा मुक्काम

राजाने बाप्तिस्मा घेतला की राज्य ख्रिस्ती झाले, असे पाठ्यपुस्तके एका ओळीत सांगून मोकळी होतात. प्रजेचे काय, हा प्रश्न मागे राहतो. इंग्लंडचेच उदाहरण घेऊ.

पोप ग्रेगरीने धाडलेला ऑगस्टीन इ. स. ५९७ मध्ये केंटला पोचला आणि तेथील राजा एथेलबर्ट याने नवा धर्म स्वीकारला. ६०१ च्या जूनमध्ये ग्रेगरीने राजाला लिहिले की, मूर्तिपूजा मोडून काढ, देवळे पाड. पण महिना उलटण्यापूर्वीच या धोरणी पुरुषाने विचार बदलला. इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस नावाच्या मठाधिपतीला त्याने कळविले : मूर्ती तेवढ्या फोडा, देवळे पक्की असतील तर पवित्र जल शिंपडून तेथेच वेदी उभारा. बैल मारून मेजवानी करण्याची लोकांची रीतही एकदम मोडू नका. सणाच्या दिवशी चर्चभोवती डहाळ्यांचे मांडव घालून, देवाचे आभार मानून ते बैल खाऊ देत. हळूहळू, पायरीपायरीने लोक वर चढतील, असा त्याचा हिशेब होता. पुष्कळ लोक मात्र त्या पायरीवरच बसून राहिले!

पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड केंटमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतला. घरी राणीने आणि सल्लागारांनी त्याचे मन वळविले. तेव्हा त्याने एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी मांडली आणि शेजारी जुन्या देवांसाठी एक लहानशी. बीड या इतिहासकार साधूला याचा संताप आला. मला त्यात ढोंग दिसत नाही. संसारी माणसाची सावधगिरी दिसते. सटन हू येथे १९३९ साली जहाजासह पुरलेले जे थडगे सापडले, ते याच राजाचे असावे असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. जहाजासह पुरण्याची चाल जुनी, आणि आत क्रुसाची नक्षी असलेले चांदीचे वाडगे!

६६४ साली साथ आली. माणसे मरू लागताच एसेक्समधील एक राजा आणि त्याची प्रजा पुन्हा जुन्या देवळांकडे वळली. सुखाच्या दिवसांत स्वीकारलेला धर्म मृत्यूच्या दारात अपुरा वाटला असावा. आर्चबिशप थिओडोर (मृत्यू ६९०) याच्या नावाने चालणाऱ्या प्रायश्चित्तसंहितेत, मुलीचा ताप उतरावा म्हणून तिला छपरावर किंवा भट्टीत ठेवणाऱ्या बाईला सात वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. असे नियम कधी कधी जुन्या याद्यांवरून उतरविलेले असतात, हे खरे. पण तापाने फणफणलेले लेकरू पुढ्यात असता ती माउली कोणाची संहिता पाहणार?

येथे एक इशारा द्यायला हवा. ख्रिस्ती सणांमागे सर्वत्र जुने देव पाहण्याची हौस अनेकांना असते. पुरावा मात्र तुटपुंजा असतो, आणि तोही बहुधा विरोधकांच्या लेखणीतला.

म्हणूनच अकराव्या शतकातील हस्तलिखितात आलेला, नापीक शेताचा एक तोडगा मोलाचा वाटतो. शेताच्या चार कोपऱ्यांतून चार ढेकळे काढून चर्चमध्ये न्यायची. त्यांची हिरवी बाजू वेदीकडे करून पुरोहिताने चार प्रार्थनाविधी म्हणायचे. सूर्यास्तापूर्वी ती जागच्या जागी परत ठेवायची. भिकाऱ्यांकडून बी घ्यायचे आणि त्यांना दुप्पट द्यायचे. मग धरणीमातेला आळवीत नांगर धरायचा, आणि सर्व धान्यांच्या पिठाची, दूध व पवित्र जल घालून मळलेली भाकरी पहिल्या तासाखाली ठेवायची.