प्रकाशाची काटकसर

पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या किरणांच्या व्यतिकरणाचा हा परिणाम, असे आपण वर्गात शिकवतो. शहरांतील दूरसंचाराच्या जाळ्यातही हेच तत्त्व कामाला आले. त्याची ही हकिगत.

१९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठवायचे तर प्रकाशातील घट किलोमीटरला २० डेसिबेलपेक्षा अधिक नको. म्हणजे एका किलोमीटरनंतर निदान शंभरावा हिस्सा प्रकाश उरला पाहिजे. त्या काळच्या काचेतील घट १००० डेसिबेलच्या घरात होती! तिचे मुख्य कारण काचेतील अशुद्धी, हे त्यांनी ओळखले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ही मर्यादा गाठली. १९७९ साली जपानमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट ०.२ डेसिबेलवर आली. ३ डेसिबेल घट म्हणजे प्रकाश निम्मा. म्हणजे आता १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक राहू लागला.

एका तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींवर आठ संदेश पाठवले, तर पलीकडे ते वेगळे कसे करायचे? प्रकाशाचे आठ समान वाटे करून प्रत्येकापुढे गाळणी लावणे हा सोपा उपाय. पण त्यात प्रत्येक संदेशाचा आठवा हिस्साच हाती येतो. तीनदा निम्मे, म्हणजे ९ डेसिबेल घट. ४५ किलोमीटर तंतूत होणारी घट एका लहानशा डबीत!

१९८७ साली एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक आला आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर ही तूट भरून काढता येऊ लागली. पण तो मुख्यतः १५५० नॅनोमीटरच्या आसपासच चालतो. शिवाय शहरात अंतरे थोडी आणि थांबे पुष्कळ. जागोजागी प्रवर्धक बसवणे परवडत नाही. तिथे घट मुळातच टाळायला हवी.

इथे तेलाचा तवंग आठवावा. दोन पारदर्शक पदार्थांचे अतिपातळ थर आलटून पालटून, कधी शंभराहून अधिक, काचेवर चढवतात. ही गाळणी एक तरंगलांबी पलीकडे सोडते आणि बाकीच्या परावर्तित करते. त्या शोषल्या जात नसल्यामुळे पुढच्या गाळणीकडे वळवता येतात. नेदरलँड्समधील माइंट स्मिट यांनी १९८८ साली दुसरी वाट सुचवली. एकाच चकतीवर ठरावीक फरकाने लांब होत जाणारे प्रकाशमार्ग कोरले, की सर्व तरंगलांबी एकदमच वेगळ्या होतात.

२००२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने शहरी जाळ्यांना सोयीचे, २० नॅनोमीटर अंतराने १८ तरंगलांबींचे कोष्टक ठरवले. लेसरची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. तापमान ५० अंशांनी बदलले तरी फरक ५ नॅनोमीटरच, म्हणून लेसर थंड ठेवण्याचा खर्च वाचला.

काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाश नेमका कुठे हरवतो, हा त्यांनी तंतूबाबत विचारलेला प्रश्न पुढच्यांनी प्रत्येक सुट्या भागाबाबत विचारला. साबणाच्या फुग्याचे रंग दाखवताना विद्यार्थ्यांना हेही सांगावे, असे आम्हाला वाटते.