शर्यतीतून रस्त्यावर : डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा इतिहास आणि देखभालीचा प्रश्न

प्रस्तावना :

मोटारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने इंजिनाकडे व वेगाकडे गेलेले दिसते. वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरणाऱ्या भागाचा विचार केला आहे. त्यातही मोटार घेतल्यानंतर मालकाने बाजारातून स्वतंत्रपणे आणून बसविलेला शर्यती धाटणीचा कॅलिपर येथे केंद्रस्थानी आहे. हा कॅलिपर रस्त्यावर आला. परंतु शर्यतीत त्याच्यामागे उभी असलेली देखभालीची शिस्त त्याच्याबरोबर आली नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांनी घर्षणासाठी तांबे वापरले होते. तत्कालीन धुळीच्या रस्त्यांवर ते झपाट्याने झिजे आणि ब्रेक लावताच कर्कश आवाज होई. कल्पना योग्य होती, रस्ता तिला अनुकूल नव्हता. पुढील अर्धशतक मोटारींवर ड्रम ब्रेकचेच वर्चस्व राहिले. मात्र ड्रम बंदिस्त असल्याने त्यात उष्णता साठते. लांब उतारावर किंवा शर्यतीत वारंवार ब्रेक लावल्यास त्याची पकड क्षीण होत जाते.

विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक तयार करणाऱ्या डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या सहकार्याने ते मोटारीवर आणले. सुरुवातीच्या चाचण्यांत तापलेल्या कॅलिपरमधील ब्रेक ऑइल उकळण्याची अडचण आली. ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल पोकळ लागते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. हा दोष पुढे पुन्हा भेटणार आहे. १९५२ मध्ये रेम्स येथे स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेक असलेली सी-टाइप जॅग्वार चालवून विजय मिळविला. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी तशाच मोटारीतून जिंकली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरच्या, पुढे गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएन डीएस या कौटुंबिक मोटारीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक मिळाले.

सुट्या भागांची बाजारपेठ :

इटलीतील बेर्गामोजवळ १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रेम्बोने १९६४ पासून तेथील सुट्या भागांच्या बाजारासाठी ब्रेकच्या तबकड्या बनविल्या. तोपर्यंत त्या ब्रिटनमधून येत असत. १९७५ मध्ये ही कंपनी फेरारीच्या फॉर्म्युला वन मोटारींना ब्रेक पुरवू लागली. अमेरिकेत १९७७ मध्ये विलवूड कंपनी निघाली. १९७८ च्या पोर्शे ९११ टर्बोवर ९१७ या शर्यती मोटारीवरून घेतलेले चार पिस्टनचे कॅलिपर कारखान्यातूनच बसून आले. शर्यतीतील वस्तू रस्त्यावरही चालते, हा समज यातून दृढ झाला असावा. तो अर्धाच खरा आहे.

मोठ्या कॅलिपरमुळे मोटार कमी अंतरात थांबते, असे सर्रास मानले जाते. एकदाच जोराने ब्रेक लावल्यास चांगल्या स्थितीतील मूळ ब्रेकही चाक जखडू शकतो, किंवा एबीएस कार्यान्वित करू शकतो. तेथून पुढची मर्यादा टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाची असते. मोठ्या तबकडीचा व कॅलिपरचा खरा लाभ वारंवार ब्रेक लावताना होतो, कारण उष्णता अधिक सामावते. शिवाय पुढील पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढवून मास्टर सिलिंडर तोच ठेवल्यास पेडल खोल जाते व ब्रेकचा भार पुढे सरकतो. मग मागील चाके आपला वाटा उचलत नाहीत आणि खर्च करून थांबण्याचे अंतर वाढू शकते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्णय दिला. आपल्याकडे या विषयाचा विचार करताना हे टाळता येत नाही.

देखभालीचा प्रश्न :

शर्यतीचा कॅलिपर वरचेवर खोलला, धुतला व तपासला जातो. म्हणून अशा अनेक कॅलिपरांच्या पिस्टनवर रबरी डस्ट बूट नसतो; तेथील तापमानात तो जळून जाईल. हाच कॅलिपर रोजच्या मोटारीवर बसविला की धूळ, चिखल व पावसाचे पाणी थेट पिस्टनच्या उघड्या भागावर बसते. पॅड झिजून नवे घालताना कारागीर पिस्टन मागे रेटतो. तो मळ त्याबरोबर सीलपर्यंत जातो, सील खरवडते, आणि पिस्टन अडकू लागतो किंवा ऑइल पाझरते. लँचेस्टर यांना ज्या धुळीने हरविले तीच ही धूळ, असे म्हणण्याचा मोह होतो.

म्हणून पिस्टन मागे रेटण्यापूर्वी तो ताज्या ब्रेक ऑइलने पुसून घ्यावा. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल वापरू नये. त्याने सीलचे रबर फुगते. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजे असताना २३० अंश सेल्सिअस, तर पाणी शोषल्यावर १५५ अंश असतो. डनलॉपच्या चाचण्यांतील वाफ अशा जुन्या ऑइलमुळे घाटाच्या उतारावर पुन्हा हजर होते. बसविण्यातील एक चूक तर साध्या डोळ्यांना दिसते. डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन लागला की हवा काढण्याचा स्क्रू खाली येतो. कितीही वेळा हवा काढली तरी वरच्या भागातील बुडबुडा आत राहतो, पेडल स्पंजासारखे लागते आणि दोष मास्टर सिलिंडरवर टाकला जातो.

ब्रेम्बोने २००० मध्ये घेतलेली ब्रिटनची एपी रेसिंग व विलवूड या दोन्ही उत्पादकांकडे रस्त्यासाठी डस्ट बूट किंवा धूळरोधक सील असलेले कॅलिपर मिळतात. ते शर्यती प्रकारापेक्षा वेगळे दाखविलेले असतात. फलाटावर मांडलेल्या लाल रंगाच्या दोन कॅलिपरांत हा फरक पिस्टनकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.