नको तिथे पोहोचणाऱ्या लहरी

दुसऱ्या महायुद्धात मुंबईला २०० मेगाहर्ट्झचे एक रडार होते. एरवी त्याची नजर क्षितिजापाशी संपायची. पण उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर चक्क अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटत, दीड हजार किलोमीटरहून दूरचे! जमिनीवरून आलेली कोरडी, तापलेली हवा समुद्रालगतच्या दमट हवेवर पसरली की लहरी वर निसटत नाहीत, पृथ्वीच्या वळणाबरोबर वाहत जातात. अभ्यासक या थराला नलिका म्हणतात. मायक्रोवेव्ह लहरी तर तिच्यात आणखी सहज अडकतात.

दोन टॉवरांमधला मायक्रोवेव्ह दुवा आखणाऱ्याला संदेश क्षीण होण्याची धास्ती असते. रेडिओ व्यत्ययाचा अंदाज बांधणाऱ्या आमच्या शाखेची चिंता नेमकी उलट: तो दुसऱ्याच्या रिसीव्हरपर्यंत जोमाने पोहोचला तर? अशा वेळा क्वचितच येतात, म्हणून इथे सरासरीवर विसंबता येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.४५२ ही शिफारस ०.००१ टक्के काळापर्यंतचा हिशेब मांडते. म्हणजे वर्षातली जेमतेम पाच मिनिटे. एवढ्याशा वेळेसाठी डोंगरमाथ्यावरून वाकणाऱ्या, उंच हवेतून विखुरणाऱ्या, नलिकेतून धावणाऱ्या लहरी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि मला या शाखेची खरी गोडी तिथेच वाटते.

अति सावध अंदाजाचीही किंमत मोजावी लागते. अमेरिकेत ३५५० मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा नौदलाच्या रडारांबरोबर वाटून घ्यायचे ठरले, तेव्हा पहिली वर्ज्य क्षेत्रे एवढी रुंद आखली गेली की निम्म्याहून अधिक लोकवस्ती त्यांत सापडली. पुढे कमी शक्तीची लहान केंद्रे गृहीत धरून आणि शहरी इमारतींचा अडसर जमेस धरून गणित पुन्हा मांडले गेले. २०१५ साली ते क्षेत्र तीन चतुर्थांशाहून अधिक आक्रसले. आता किनाऱ्यावरचे संवेदक रडारची चाहूल घेतात आणि संगणक आसपासच्या केंद्रांना वाहिनी सोडायला लावतो.

नव्या अभ्यासकाने समीकरणांआधी भूप्रदेशाचे आकडे तपासावेत, असा माझा आग्रह आहे. २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेल्या उंचीच्या नोंदी आजही सर्रास वापरल्या जातात. दाट रानात त्या रडारला जमिनीपेक्षा झाडांचा वरचा भाग दिसला होता. त्यावर झाडांचा अडसर पुन्हा मिळवला, तर तोच अडथळा दोनदा मोजला जातो आणि व्यत्यय कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.