आदित्य करिकालनाचा खून: शिलालेख, कादंबरी आणि चित्रपट

तमिळनाडूतील काट्टुमन्नारकोइलच्या अनंतीश्वर मंदिरात एक चोळकालीन शिलालेख आहे. विषय तसा रुक्ष, जमिनींच्या जप्तीचा. परंतु ज्यांच्या कुटुंबाच्या या जमिनी, ते सोमन, रविदासन, परमेश्वरन आदी बंधू राजद्रोही होते. पांड्याचे शिर घेणाऱ्या करिकाल चोळाची त्यांनी हत्या केली होती, असे त्यात नमूद आहे.

हा करिकाल म्हणजे सुंदर चोळाचा थोरला पुत्र. हत्येमागचा सूत्रधार मात्र शिलालेख सांगत नाही.

खरा पेच पुढेच आहे. करिकालनानंतर गादी धाकट्या अरुळमोळीला न मिळता चुलते उत्तम चोळ यांच्याकडे गेली. त्यांनी सुमारे १५ वर्षे राज्य केले. जप्तीची नोंद आहे ती अरुळमोळी राजराज म्हणून ९८५ मध्ये गादीवर आल्यानंतरची, त्याच्या दुसऱ्या राज्यवर्षातली. मधली वर्षे द्रोह्यांना अभय कोणाचे? नीलकंठ शास्त्रींचा संशय उत्तम चोळावरच होता. इतर अभ्यासकांना तो मान्य नाही. तिरुवालंगाडू ताम्रपट तर म्हणतो की, चुलत्याला राज्याची इच्छा असेतोवर अरुळमोळीने ते मनातही आणले नाही.

कल्की कृष्णमूर्तींनी १९५० ते १९५४ या काळात 'पोन्नियिन सेल्वन' क्रमशः लिहिली, ती याच पोकळीत. 'पांड्याचे शिर घेणारा' या बिरुदातून त्यांनी सूडाची कथा उभी केली आणि नंदिनी ही काल्पनिक स्त्री तिच्या केंद्रस्थानी ठेवली. उत्तम चोळाला त्यांनी मोठ्या खुबीने वाचवले: गादीसाठी हपापलेला मधुरांतक तोतया ठरतो, आणि मंदिरात फुले पुरवणारा भाविक सेंदन अमुदन खरा वारस निघतो.

मणिरत्नम यांच्या २०२२ आणि २०२३ च्या दोन चित्रपटांत ही अदलाबदलच नाही. पाच भागांची कादंबरी दोन भागांत बसवायची, तर काहीतरी गळणारच! कादंबरीवर प्रेम करणारे हळहळले. परंतु त्यामुळे अरुळमोळी मुकुट देतो तो कारस्थानात सामील झालेल्या मधुरांतकालाच. माझ्या मते कादंबरीपासून दूर जाताना चित्रपट इथे ताम्रपटाच्या जवळ आला आहे. नंदिनीला मिळालेले महत्त्व मात्र निखळ कल्कींचे. तिला कोणत्याही शिलालेखाचा आधार नाही.

याच राजराजाने बांधलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेखही आहे. त्याविषयी पुढे कधीतरी.